मोटस्थळ कोणत्या विभागाचे? कुलगुरूंना एक खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,

सादर नमस्कार.

हेच पत्र मी तुम्हाला आधी तीनदा बंद पाकिटातून पाठवले आहे. योग्य मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांची सही, अधिष्ठात्यांचा शेरा आणि आवक खिडकीवरचा शिक्का घेऊन. तिन्ही आवक क्रमांक माझ्या डायरीत आहेत. उत्तर एकाचेही आले नाही, म्हणून आता पाकीट उघडे ठेवते आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला पत्र आपल्यालाच आहे हे कळेल, आणि आणखी चार-पाच कुलगुरूंना ते आपल्याला असावे असे वाटले तर त्यात वाईट काही नाही.

निमित्त गेल्या सत्राअखेरच्या परिपत्रकाचे आहे. त्यातल्या चौथ्या कलमाप्रमाणे, शिक्षकाने स्वतःच्या विभागाबाहेर घेतलेल्या तासिका यापुढे कार्यभारात धरल्या जाणार नाहीत. सातव्याप्रमाणे, कोणत्याही एका अभ्यास मंडळाच्या अखत्यारीत न बसणारे वैकल्पिक अभ्यासक्रम बंद होतील. आणि त्यानंतर आठच दिवसांनी 'जागेची निकड' म्हणून भूगोल विभागाच्या नकाशाखोलीला नवे कुलूप लागले. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवरून निघाल्या असतील. कोणी ठरवून आमच्या मागे लागले आहे असे मला मुळीच वाटत नाही. पण तिन्हींचा फटका बसला तो एकाच टेबलाला.

त्या टेबलाविषयी सांगते.

सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका गावातल्या कुलकर्णी घराण्याने माळ्यावरची मोडी कागदांची गाठोडी माझ्या हवाली केली. कापडात बांधलेल्या अशा गाठोड्याला रुमाल म्हणतात. विटके, वाळवीने कडा खाल्लेले सात रुमाल. मी इतिहासाची. मोडी वाचते, ताळेबंद समजतो, वतनांची भांडणे तर तोंडपाठ. कागद पसरायला आमच्या विभागात जागा नव्हती, म्हणून भूगोलवाल्यांच्या नकाशाखोलीतले लांब टेबल मागून घेतले. दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच. आधी मी आणि माझी एक विद्यार्थिनी होतो. मग भूगोलाचे सर कुतूहलाने डोकावले आणि बसले. पुढे संख्याशास्त्राचे सर आले, वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आल्या, आणि शब्द अडायला लागले तेव्हा मराठी विभागातले एक तरुण सहकारीही येऊ लागले.

कागदांत जमिनीची वर्गवारी असते. जिरायत, बागायत, आणि बागायतीत पाटस्थळ व मोटस्थळ, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची आणि मोटेच्या, विहिरीच्या पाण्यावरची. या गावच्या मोटस्थळाच्या नोंदी मी एका यादीत मांडल्या आणि म्हटले, बघा, बहुतेक विहिरी देशमुखांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या शेतांत आहेत. पाणी कोणाच्या हातात होते त्याचा पुरावाच. माझा लेख जवळजवळ लिहून झाला होता. भूगोलाच्या सरांनी ती शेते नकाशावर टिंबांनी मांडली आणि पट्टी ठेवली. टिंबे जवळजवळ एका सरळ रेषेत. ते म्हणाले, "बाई, ही माणसांची ओळ नाही, दगडाची आहे." आपल्या काळ्या पाषाणात जागोजागी उभ्या भिंतीसारखे दगड घुसलेले असतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. काही ठिकाणी ते जमिनीखालचे पाणी अडवतात, काही ठिकाणी त्यांच्या भेगांतूनच पाणी वाहते, आणि त्यांच्या कडेने खोदलेल्या विहिरींना पाणी लागायची शक्यता जास्त. पुढच्या आठवड्यात आम्ही गावात गेलो. डाइक दिसला, आठ विहिरी सापडल्या, त्यांतल्या दोन अजून वापरात. देशमुखांनी त्या ओळीवरची जमीन का धरून ठेवली होती ते तिथे उभे राहिल्यावर कळले. माझा निष्कर्ष खोटा नव्हता, पण मी तो मागून वाचत होते.

मग माझी पाळी आली. एका वर्षी गावचा जिरायतीचा आकार, म्हणजे सारा, एकदम घसरलेला दिसला. भूगोलाचे सर म्हणाले, पाऊस गेला असणार. मी त्याच रुमालातले दुसरे पत्र काढले. लष्कराची धामधूम झाली, रयत परागंदा झाली, असे त्यात लिहिलेले. त्या साली पाऊस कदाचित उत्तम झाला असेल. पेरायला माणूस नव्हते. आणि संख्याशास्त्राच्या सरांनी आम्हा दोघांनाही गप्प केले ते एका प्रश्नाने: "पाऊस नाही असे ज्या कागदांत लिहिलेय, त्यातले किती कागद सूट मागण्याचे आहेत?" मोजले. बहुतेक सगळे. सारा माफ करा म्हणताना पाऊस बरा झाला असे कोण लिहील? इतकी वर्षे मी या नोंदी दुष्काळाचा पुरावा म्हणून शिकवत होते. आता त्या वापरायच्या कशा, कोणत्या नोंदीला किती वजन द्यायचे, याची रीत आम्ही बसवतो आहोत. ती रीत एकट्या इतिहासाला बसवता येत नाही, एकट्या संख्याशास्त्रालाही नाही.

आणखी एकच सांगते, मग तक्रारींकडे वळते. या कागदांवर शुहूर सन असतो, अरबी अंकशब्दांत लिहिलेला. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. इसवीचे १७६०-६१, पानिपतचे साल. हे वर्ष सुरू होते मृगाला, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. आम्हा इतिहासवाल्यांना ही कटकट वाटते, कारण प्रत्येक तारीख इसवीत बदलताना वर्ष दोन तुकड्यांत फुटते. संख्याशास्त्राचे सर मात्र खूश. म्हणाले, बदलताच कशाला? पाण्याचा अभ्यास करणारे आजही वर्ष जून ते मेच धरतात. पेशवाईतल्या कारकुनाचे वर्ष आणि जलशास्त्राचे वर्ष एकच निघाले. ज्या दिवशी हे लक्षात आले त्या दिवशी आम्ही कँटीनमधून भजी मागवली होती. टेबलावरच्या टोपोशीटवर त्याचा तेलकट डाग अजून आहे. भूगोल विभागाची मी त्याबद्दल जाहीर माफी मागते.

आता तक्रारी.

या टेबलातून 'पाणी आणि गावगाडा' हा दोन श्रेयांकांचा वैकल्पिक अभ्यासक्रम निघाला. तीन वर्षे चालला. विज्ञानाची मुले मोडी बाराखडी गिरवत होती आणि मराठीची मुले विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजत होती. तो आता बंद, कारण तो कोणत्या अभ्यास मंडळाचा हे ठरत नाही. इतिहास मंडळ म्हणते यात भूजल आहे, भूगोल मंडळ म्हणते यात मोडी आहे. दोन्ही मंडळांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच तर तो अभ्यासक्रम केला होता! ज्या तासिका पाच शिक्षकांनी वाटून घेतल्या त्या आता कोणाच्याच कार्यभारात दिसणार नाहीत. कार्यभार कमी दिसला की पद धोक्यात, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझी निवृत्तीला तीन वर्षे राहिली, माझे काही जात नाही. पण मराठी विभागातला सहकारी अजून स्थाननिश्चितीच्या रांगेत आहे. त्याला मी कोणत्या तोंडाने म्हणू, की गुरुवारी ये?

बढतीसाठी मोजल्या जाणाऱ्या संशोधनाच्या गुणांकांचेही तसेच. हा नियम तुमचा नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांचा आहे, हे मला माहीत आहे. तरी विद्या परिषदेतल्या किती जणांनी तो कधी कागदावर मांडून पाहिला असेल, शंका आहे. मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या लेखाला मानव्यविद्येत दहा गुण, विज्ञानात आठ. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला सत्तर टक्के, बाकी प्रत्येकाला तीस. आम्ही पाच जणांनी मिळून विहिरींवर लेख लिहिला. इम्पॅक्ट फॅक्टरचे वाढीव गुण बाजूला ठेवले तर मुख्य लेखक म्हणून मला सात, मराठीच्या सहकाऱ्याला तीन, आणि वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना दोन पूर्णांक चार. या मॅडमनी कागदांतले राळा, वरी, कोद्रा ओळखून दाखवले, थोड्या पावसावर येणारी ही धान्ये कोणत्या साली वाढली त्याचा तक्ता केला, दोन उन्हाळे घालवले. दोन पूर्णांक चार! त्यांनी तेवढ्या वेळात एकटीने एक छोटा लेख लिहिला असता तर आठ मिळाले असते. नियम दिल्लीचा आहे, पण आपल्या अंतर्गत मूल्यमापनात, संशोधन पुरस्कारात, बीजनिधीच्या वाटपातही आपण तोच तक्ता उचलून लावला आहे. त्याची सक्ती कोणी केली नव्हती.

पुढची गोष्ट माझ्या विद्यार्थिनीची आहे, आणि खरे सांगायचे तर पत्र तिच्यासाठीच आहे. सात रुमाल उघडताना जी पहिल्या दिवसापासून होती तीच. एम.ए. इतिहासाचे. प्रबंध मोटस्थळाच्या नोंदी आणि विहिरींची जागा यावर. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांत दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेता येतो, हे स्पष्ट लिहिले आहे. आपल्या अर्जात मात्र मार्गदर्शकाचा रकाना एकच. भूगोलाच्या सरांचे नाव तिने त्या रकान्याखाली पेनाने लिहिले म्हणून अर्ज परत आला. वर्षभर तो या विभागातून त्या विभागात हिंडला. शेवटी सरांचे नाव फक्त ऋणनिर्देशात राहिले. प्रबंध झाला, दोन्ही बहिःस्थ परीक्षकांनी वाखाणला. मग एका महाविद्यालयाच्या मुलाखतीसाठी तिचा अर्ज छाननीत बाद झाला. शेरा: 'विषय संबंधित नाही.' तिची पदवी इतिहासाची, नेट इतिहासात, जागा इतिहासाची. प्रबंधाच्या शीर्षकात 'भूजल' हा शब्द होता, एवढेच. दुसऱ्या ठिकाणी भूगोलाच्या जागेला अर्ज केला, तिथे अर्थातच एम.ए. इतिहासाचे. ती आता एका खासगी क्लासमध्ये स्पर्धा परीक्षांचा इतिहास शिकवते. मुलांना आवडते म्हणे. मला ते ऐकवत नाही.

उद्घाटनाच्या भाषणात आपण दरवेळी दामोदर धर्मानंद कोसंबींचे नाव घेता. गणिताचा माणूस, आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजने करून झिजेवरून त्यांचा काळ लावणारा, आनुवंशशास्त्राला १९४४ मध्ये सूत्र देणारा, भर्तृहरीच्या शतककाव्यांची चिकित्सक आवृत्ती काढणारा. सगळे खरे. कोसंबींना आज आपल्याकडे नोकरी मिळाली असती का, असला टाळ्यांचा प्रश्न मी विचारत नाही. ते कोसंबी होते, त्यांनी वाट काढलीच असती. मला साध्या, कष्टाळू, हुशार मुलीची काळजी आहे. तिला वाट काढावी लागू नये, ती आधीच असावी.

आणि अशी वाट आपल्याकडे होती. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सांकलिया, धवलीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे सगळ्यांना माहीत. पण जळके दाणे पाहून हा जव आहे असे सांगणारा वेगळा, जनावरांची हाडे लावणारा वेगळा, माणसांचे दात तपासणारा वेगळा, आणि हे सगळे एकाच ढिगाऱ्यावर वाकलेले. म्हणून इसवीसनापूर्वीच्या त्या गावकऱ्यांनी बंधारा घालून पाट काढला होता, आधी प्रशस्त चौकोनी घरे होती आणि शेवटी शेवटी लहान गोल झोपड्या राहिल्या, हे कळले. हवा कोरडी होत गेली आणि गाव गरीब होत गेले, असे धवलीकरांनी मांडले. त्यावर वाद घालता येईल, जरूर घालावा. पण तो वाद घालायलाही एका टेबलाभोवती बसणारी चार शास्त्रे लागतात.

एक कबुली द्यायला हवी. 'बहुविद्याशाखीय' या शब्दाची आम्ही प्राध्यापकांनीच माती केली आहे. एकदिवसीय बहुविद्याशाखीय आंतरराष्ट्रीय परिषद, सकाळी हारतुरे, दुपारी चार समांतर सत्रे, प्रत्येकाला सात मिनिटे, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि आयएसबीएन क्रमांकाचा जाडजूड ग्रंथ. त्यात कबीरही असतो, जीएसटीही आणि नॅनो तंत्रज्ञानही, आणि कोणी कोणाचे ऐकलेले नसते. तुमच्या वित्त विभागाला या शब्दाची ॲलर्जी असेल तर मी त्यांना दोष देत नाही. आमच्या इतिहासवाल्यांतही 'ही भूगोलाची कामे' म्हणून नाक मुरडणारे आहेत, आणि त्यांच्या एका म्हणण्याशी मी सहमत आहे: आधी स्वतःचा विषय पक्का हवा. मोडी येत नाही आणि संख्याशास्त्रही येत नाही असा माणूस टेबलावर बसून उपयोग नाही. पण त्यासाठी टेबलच काढून न्यायचे?

कायद्याचीही एक गंमत आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने चार विद्याशाखा केल्या. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथी वाचून मी तेव्हा पेढे वाटले होते. मग कळले की शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता यांची व्यवस्था त्या शाखेत लावली आहे. ते सगळे मोलाचे विषय आहेत, पण त्यांचे आपापसांत काय नाते? आणि आमच्यासारखे दोन शाखांत पाय असलेले लोक या चौथीच्या दारातही उभे राहू शकत नाहीत, कारण तिथेही आधी विचारतात, तुमचा विषय कोणता?

लहानसहान गोष्टी सोडून देते. फक्त स्कॅनरची सांगते. बीजनिधीतून घेतलेला मोठा स्कॅनर भूगोलाच्या डेड स्टॉक रजिस्टरला चढला, म्हणून तो इतिहास विभागात न्यायचा नाही. कागद घराण्याच्या विश्वासावर माझ्या ताब्यात आहेत, म्हणून ते बंद खोलीत सोडायचे नाहीत. नकाशाखोली उघडी होती तोवर मी कागद उचलून न्यायचे आणि परत आणायचे. आता स्कॅनर कुलपाआड आहे आणि कागद माझ्या कपाटात. मधे बारा पायऱ्या आणि एक व्हरांडा. सात रुमालांतले साडेचार स्कॅन झाले आहेत. उरलेल्यांना वाळवी परिपत्रक वाचून थांबणार नाही.

याच टेबलाचा फोटो विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकपुढच्या सादरीकरणात होता. 'राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी' या शीर्षकाखाली, पडद्यावर भिंतभर. त्यात माझी विद्यार्थिनी भिंगातून कागद बघते आहे. फोटो काढताना आम्हाला कोणी विचारले नव्हते. आम्हीही काही बोललो नाही, कारण बरे वाटले होते.

मागण्या साध्या आहेत, आणि यातली एकही मुंबई-दिल्लीला विचारल्याशिवाय होणार नाही अशी नाही. परिपत्रकाचे चौथे कलम मागे घ्या. संयुक्त तासिका ज्याने जितकी घेतली तितकी त्याच्या कार्यभारात धरा. सातव्या कलमाऐवजी, दोन अभ्यास मंडळांनी मिळून एखाद्या अभ्यासक्रमाचे पालकत्व घ्यायची सोय विद्या परिषदेने ठरावाने करावी. पीएच.डी.च्या अर्जात सहमार्गदर्शकाचा रकाना छापा. हे तर छापखान्याचे काम आहे. आपल्या विद्यापीठाच्या आणि संलग्न महाविद्यालयांच्या जाहिरातींत 'संबंधित विषय' म्हणजे कोणते विषय ते जाहिरातीतच लिहा, आणि छाननीत अर्ज बाद केला तर कारण दोन ओळींत, सहीनिशी द्या. तीन शब्दांत नको. अंतर्गत पुरस्कार आणि बीजनिधीसाठी संयुक्त लेखाचे गुण सगळ्या लेखकांना सारखे धरा. दोन विभागप्रमुखांच्या सहीने खर्च करता येईल असा वर्षाला दोन लाखांचा निधी ठेवा. यापेक्षा जास्त आम्ही मागत नाही, जास्त दिला तर त्याची परिषद भरवतील. आणि नकाशाखोलीची एक किल्ली द्या. जागेची निकड खरी असेल तर गुरुवारचे दोन तास सोडून खोली कोणालाही द्या, आमची तक्रार नाही.

विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हे पत्र घ्यावे. सदस्यांना काही विचारायचे असेल तर मी येईन, रुमालही घेऊन येईन. मोटस्थळाची यादी समोर ठेवते. ती कोणत्या विभागाची हे परिषदेने ठरवून सांगावे, मी मान्य करीन.

तोवर गुरुवारी तीन वाजता आम्ही ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर बसतो. मूळ कागद तिथे आणता येत नाहीत, झेरॉक्स आणतो. माझी विद्यार्थिनी क्लास आटोपून साडेतीनपर्यंत पोचते. मृगाच्या आधी उत्तर आले तर बरे होईल. पावसात कट्ट्यावर झेरॉक्सही उघडता येत नाहीत.

आपली,
इतिहास विभागातील एक सहयोगी प्राध्यापक
(आणि तिच्या संमतीने, क्लासमध्ये इतिहास शिकवणारी एक डॉक्टर)